वहिनीची तपासणी, नणंदेचा वर्ग

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला सगळी इमारत टाचणी म्हणते. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायचा हक्क एका नवऱ्याला, आणि त्याची तर तिच्यासमोर शिंकायचीही छाती नाही. हा नवरा माझा शाळेपासूनचा दोस्त, शहराच्या पाणी खात्यात नोकरीला, म्हणून आम्ही त्याला पाणीखातं म्हणतो. त्या नात्याने ती माझी वहिनी. मीही तिला पाठीमागे टाचणीच म्हणतो, हे आधीच कबूल करून टाकतो. उगाच सभ्यपणाचा आव कशाला?

टाचणी नाव पडलं ते अंगकाठीवरून नव्हे, तिच्या टोचण्यावरून. माझा नातू सात महिन्यांचा असताना फणफणला होता. मी जिन्यात सहज म्हणालो, "दात येतायत, ताप यायचाच." वहिनी तीन पायऱ्या खाली गेली होती, ती परत वर आली. "भावजी, दात येताना एवढा ताप येत नाही. डॉक्टरला दाखवा. आजच." दाखवलं. कानात पू झाला होता. आता अशा बाईचे उपकार मानायचे की राग धरायचा? मी दोन्ही केलं.

सव्वीस वर्षं ती प्रसूतिगृहात परिचारिका होती. किती बाळं हातातून गेली विचारलं तर आकडा सांगायची नाही, कारण आकडा नक्की माहीत नव्हता, आणि नक्की माहीत नसलेलं बोलायचं नाही असा तिचा खाक्या. गप्पांना अगदी निरुपयोगी बाई. आमच्या इमारतीत कोण कोणाकडे का जात नाही याचं सगळं शास्त्र मला तोंडपाठ, ही मात्र म्हणायची, "तुम्ही पाहिलंत का भावजी? नाही ना? मग?" अशाने माणसाने बोलायचं तरी काय?

पण हा खाक्या कुठून आला ते मला माझ्या बायकोकडून कळलं. वहिनीने आयुष्यात एकदाच सांगितलं, ते माझ्या बायकोला. वॉर्डात एक बाई आली होती, बावीस वर्षांची, मूल होत नाही म्हणून. तपासलं तर जुना संसर्ग, आत पसरून सगळं बंद करून बसलेला. दोन वर्षं दुखत होतं, तिने कोणाला सांगितलं नव्हतं. का? तर शाळेत कोणीतरी शिकवलं होतं की असले रोग वाईट चालीच्याच बायकांना होतात. "सिस्टर, मी तर तशी नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नवऱ्याकडून आलेला साधा संसर्ग. वेळेवर चार गोळ्यांनी गेला असता. त्या दिवसापासून वहिनी चुकीच्या वाक्याकडे, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या वासाकडे बघावं तशी बघायची.

मग तो कायदा आला. सरकारी पैशावर शाळांमध्ये लैंगिक आरोग्याचे वर्ग चालायचे, पण कोण काय सांगतंय याला धरबंध नव्हता. कायद्याने धरबंध घातला. सांगाल ते वैद्यकशास्त्राला धरून असलं पाहिजे. मुलांच्या वयाला झेपलं पाहिजे. भीती घालायची नाही, लाज आणायची नाही. आणि हे बघायला तपासनीस येणार, न सांगता. शेवटच्या बाकावर बसणार, वर्गात अवाक्षर बोलणार नाही, बोललेलं शब्दन्‌शब्द उतरवणार. प्रत्येक चुकीच्या विधानाला एक लाल खूण. वर्षात दोन खुणा झाल्या की तीस दिवसांत फेरतपासणी. तिथे तिसरी खूण पडली, किंवा फेरतपासणी झालीच नाही, की अनुदान बंद, म्हणजे वर्ग बंद.

वहिनीने हा कायदा वर्तमानपत्रात वाचला आणि चहा गार होऊ दिला. तिच्या घरात ही गोष्ट इतिहासात नोंदवण्यासारखी. वॉर्डाची नोकरी सोडून तिने तपासनीस व्हायचा अर्ज केला. पाणीखातं मला म्हणाला, "अरे, लोकांच्या चुका काढायचा पगार मिळणार तिला. आतापर्यंत फुकट काढत होती."

चार वर्षं तिने बाहेरगावच्या शाळा तपासल्या. आमच्या भागातल्या शाळा दुसऱ्या एका तपासनिसाकडे होत्या. तरुण पोरगा, गळ्याशी घट्ट बटण, खिशाला लाल पेन. आणि त्या शाळांपैकी एका शाळेत विज्ञान, आणि हा वर्गही, शिकवायची पाणीखात्याची बहीण. म्हणजे वहिनीची नणंद.

आता इथे मला जरा सरसावून बसू द्या.

या दोघी म्हणजे एकीला उन्हात ठेवलं तर दुसरी सावलीत जाईल अशा. नणंद गोलमटोल, मोठ्याने हसणारी. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. वहिनी तिला 'वन्सं' म्हणते आणि 'अहो-जाहो' करते. ती वहिनीला 'अगं-तुगं' करते. पस्तीस वर्षांत या दोघींचं भांडण म्हणून झालं नाही, आणि प्रेमाचं बोलणंही कोणी ऐकलं नाही. मधे उभा पाणीखातं, दोन्हीकडचे निरोप पोचवताना अर्धे गाळून टाकणारा. चांगला माणूस आहे हो, पण त्याच्या निरोपाच्या भरवशावर कोणी दवाखान्यात न्यायचा माणूस घरी ठेवू नये.

नणंदेचं मुलांवर प्रेम फार. म्हणूनच ती त्यांना घाबरवायची. तिचा हिशेब सरळ होता: घाबरलेलं मूल वाईट वाटेला जात नाही. फुलांचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर ती फळ्यावर असे काढायची की मुलं टाळ्या वाजवत. पण फूल संपून माणूस सुरू झाला की बाईंच्या घशाला कोरड पडायची, आणि ती कोरड लपवायला त्या भुतं सोडायच्या. सार्वजनिक संडासात बसलात तरी गुप्तरोग होतात. पाळीच्या दिवसांत धावलात-खेळलात तर पुढे मूल होत नाही. तिच्या वेळच्या बाईंनी तिला हेच सांगितलं होतं, आणि त्या बाईंना त्यांच्या बाईंनी.

लाल पेनवाल्याने एकाच वर्गात दोन्ही टिपलं. दोन खुणा. मग तीस दिवसांचं घड्याळ सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या पोराची बदली झाली. फाइल एका टेबलावर पडून राहिली. ती हलली तेव्हा सव्विसावा दिवस होता, आणि हलली ती वहिनीच्या टेबलाकडे.

फाइल घेण्याआधी एक कागद भरावा लागतो: सदर शाळेत आपले नातेवाईक आहेत काय? खाली यादी. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. नणंद यादीत नाही! कायदा लिहिणाऱ्याला नणंद नसावी, नाहीतर तिला त्याने पहिल्या क्रमांकावर घातलं असतं. वहिनीने यादी दोनदा वाचली आणि 'नाही' लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण तिला ते रुचलंही नव्हतं, कारण त्या दिवशी तिने पाणीखात्याला विचारलं, "अहो, मी हे काम परत केलं तर?"

"परत केलंस तर?"

"दुसरा तपासनीस नेमायला आठवडा लागेल. मुदत टळेल. वर्ग बंद."

"आणि घेतलंस तर?"

"घेतलं तर जे असेल ते होईल."

"म्हणजे तू माझ्या बहिणीला खूण देणार."

"त्या चुकल्या तर."

पाणीखातं माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "एकदा तिला जाऊन सांगू का, की येणार आहेत म्हणून?" मी म्हणालो, "तू सांगितलंस तर तिच्याऐवजी तिची पोळीवाली बाई तयारी करून बसेल. तुझा निरोप नेहमी चुकतो." चेष्टा होती. पण तो न हसताच उठून गेला. त्याच्या बहिणीने त्या वर्गासाठी मुख्याध्यापकांशी तीन वर्षं भांडून खोली मिळवली होती. घाबरवत असेल, पण वर्ग चालवत होती. त्या शाळेत दुसरं कोणी त्या विषयाला हात लावायला तयार नव्हतं. वर्ग बंद झाला तर दरवर्षीच्या एकशेवीस मुलांना मग गल्लीच्या कोपऱ्यावरच शिकावं लागणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी नणंद स्वतःच आली. दार उघडंच होतं, माझंही. आमच्या इमारतीत दारं उघडी ठेवायची पद्धत आहे, आणि मी काही कान बंद करून बसत नाही.

नणंदेने काही मागितलं नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वहिनी, मला झोप येत नाही गं. मी आरशासमोर म्हणून बघते. गर्भाशय येतं. पाळी येतं. पुढचा शब्द आला की मला माझी आई आरशात दिसते."

"कोणता शब्द?" वहिनी म्हणाली.

"बघ, आताही नाही आला."

वहिनी हसली. माझी शपथ, हसली. मग कपाट उघडल्याचा आवाज. वहिनीने आतून एक पुस्तिका आणून टेबलावर ठेवली. सरकारी पुस्तिका, तपासनिसाची प्रत. चार वर्षांपूर्वी तपासनीस झाली तेव्हा मिळालेली, आणि तेव्हा तिने वॉर्डातल्या बायकांचे सगळे अनुभव पेन्सिलने समासात लिहिले होते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या.

"हे वाचा. रेघा आहेत तेवढं जरी नीट बोललात तरी पुरे," ती म्हणाली. आणि मग, थांबून, "आणि वन्सं, उद्या रजा टाकू नका."

एवढंच. पण त्या 'उद्या'त कायदा मोडला. सव्वीस वर्षं आणि वर चार, इतकी वर्षं नियमाच्या रेषेवरून चाललेली बाई, आणि तिने पाय खाली टाकला तो नणंदेसाठी.

पाऊल कुठे पडलं ते मात्र तिला दिसलं नव्हतं. त्या पुस्तिकेची दोन वर्षांपूर्वी दुसरी आवृत्ती निघाली होती, सुधारलेली. तिची नवी प्रत कार्यालयात कुलपात. वहिनीला नवी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ होती, आणि पाठ होती म्हणूनच घरातली जुनी तिने दोन वर्षांत उघडली नव्हती. ती जपून ठेवली ती समासातल्या पेन्सिलीसाठी. नव्या प्रतीत ते उतरवायचं राहून गेलं होतं. कव्हर दोन्हींचं सारखं. आणि शाळेत नवी प्रत असूनही नणंदेने ती बाजूला ठेवली, कारण तिच्या दृष्टीने वहिनीच्या रेघा म्हणजेच पेपर फुटला होता.

शुक्रवारचा वर्ग मला शाळेच्या शिपायाकडून कळला. तो दाराबाहेर उभा राहून सगळे वर्ग ऐकतो. त्याला भूमितीही येते. तो म्हणाला, बाईंनी कमाल केली. फळ्यावर आकृती काढली, कोणत्याही फुलाची मदत न घेता. योनी म्हणाल्या, लिंग म्हणाल्या, आवाज एकदाच चिरकला. मग म्हणाल्या, "मागे मी तुम्हाला सांगितलं होतं की संडासात बसल्याने हे रोग होतात. ते चुकीचं होतं. मला तसं शिकवलं होतं आणि मी तपासून बघितलं नाही." एका मुलीने विचारलं, मग पाळीत खो-खो खेळलं तर? बाई म्हणाल्या, "दम लागेल, दुसरं काही होणार नाही." वर्ग हसला. शेवटच्या बाकावर वहिनी लिहीत होती, आणि शिपाई शपथेवर सांगतो, तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, धूळ असेल. तो म्हणाला, त्या खोलीला मी झाडू मारतो.

चाळीस मिनिटं अशी गेली. शेवटची पाच उरली तेव्हा विषय आला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा आणि त्यावरच्या लशीचा. एक मुलगा उभा राहिला. "बाई, ती लस आम्हीपण घ्यायची?"

"नाही रे," बाई हसून म्हणाल्या, "तुम्हाला कुठे गर्भाशय? ही लस फक्त मुलींसाठी."

जुन्या आवृत्तीत असंच होतं. अधोरेखित. नव्यात मुलं आणि मुली दोघांसाठी असं दुरुस्त झालेलं, कारण या कर्करोगामागच्या विषाणूची लागण मुलग्यांनाही होते, त्यांनाही त्यामुळे दुसरे कर्करोग होतात, आणि तो त्यांच्याकडून पुढे जातो.

शिपाई म्हणतो, वहिनी उठायला लागली. अर्धी उठली. मग बसली. तपासनिसाने वर्गात बोलायचं नसतं.

घंटा झाली. एक्केचाळीस मुलं घरी गेली, त्यातले बावीस मुलगे. नणंद घामाने डबडबलेली, तोंडभर हसू, बाकांमधून शेवटच्या बाकापर्यंत आली. "वहिनी! बघ, सगळं तुझ्या पुस्तकातलं. एक अक्षर पदरचं नाही!"

वहिनीने ती पुस्तिका तिच्या हातातून घेतली. पहिलं पान उघडून आवृत्ती बघितली. मग मिटली.

"हो वन्सं," ती म्हणाली. "एक अक्षर पदरचं नाही."

अहवाल त्याच दिवशी कार्यालयात द्यावा लागतो, पाचच्या आत. वहिनी दोन वाजता घरी आली, जेवली नाही. पाणीखातं अर्धी रजा टाकून आला होता. त्या दोघांचं बोलणं ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागला नाही. पाणीखातं आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होता.

"नको लिहूस! एका वाक्यासाठी?"

"अहो, बावीस मुलगे घरी गेलेत. त्यांना वाटतंय त्यांना लस नको."

"आणि खूण केलीस तर वर्ग बंद. मग पुढच्या वर्षीच्या एकशेवीस पोरांना कोण सांगणार? तू? तुझा लाल पेन?"

"मी खूण नाही केली तर मी तिथे बसले कशाला?"

"ती चूक माझ्या बहिणीची नाहीच! पुस्तक कोणाचं? रेघ कोणाची?"

 मी उठून दारापर्यंत गेलो. पाणीखात्याने आयुष्यात एकच गोष्ट न गाळता सांगितली होती आणि ती वर्मी लागली होती.

वहिनीने कपाटातून कायद्याची प्रत काढली. ती वाचताना मला दिसत होती: चष्मा डोक्यावर, बोट ओळीखालून, वॉर्डात औषधाचा तक्ता वाचावा तसं. आणि मग तिला ते कलम सापडलं. तपासणीची सूचना आधी दिली गेल्यास ती तपासणी रद्द समजावी.

"रद्द," ती म्हणाली. "म्हणजे खूणच नाही. मी लिहून देते की मी सांगितलं, पुस्तक मी दिलं. ही तपासणी गेली. आज अठ्ठाविसावा दिवस. दोन दिवस आहेत. उद्या दुसरा तपासनीस येईल, वन्सं नव्या पुस्तकातलं सांगतील, मुलांना खरं कळेल, आणि वर्ग राहील."

"आणि तू?"

"मी जाईन. जायलाच पाहिजे."

 मी दारात उभा होतो, ती मला ओलांडून जिना उतरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या पदराला पिन नव्हती आणि मी त्यावर काहीही बोललो नाही, हे माझ्या खात्यावर जमा धरा.

कार्यालयात साहेबांनी तिचा कागद वाचला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने तिला पाणी दिलं, बसवलं. म्हणाला, "बाई, तुम्ही हे लिहून दिलंत त्याबद्दल मला आदर आहे. तपासणी रद्द, बरोबर आहे. तुमची नेमणूकही थांबवावी लागेल."

"चालेल. उद्या कोणाला पाठवताय?"

"उद्या?"

"उद्या किंवा परवा. दोन दिवस आहेत."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "बाई, उद्या शनिवार. परवा रविवार. शाळेला दोन्ही दिवस सुटी."

सव्वीस वर्षं तिने अशा ठिकाणी काढली होती की जिथे बाळं वार बघून येत नाहीत. ड्यूटी लागेल तो दिवस कामाचा. तपासनीस झाल्यावरही ती शनिवारी अहवाल लिहीत बसायची. सुटी म्हणजे शाळेला कुलूप, वर्ग नाही, तपासणी नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने विचारलं, सुटीचे दिवस मुदतीतून वगळत नाहीत का? साहेबांनी कलम काढून दाखवलं. तीस दिवस, सुटीसह. तिने ते स्वतः वाचलं. दोनदा. मग म्हणाली, "बरोबर आहे."

सोमवारी फेरतपासणी न झालेली शाळा म्हणून त्या वर्गाचं अनुदान थांबलं. तिसरी खूण कुठेही नोंदली नव्हती. नणंदेच्या नावापुढे दोनच राहिल्या, आणि वर्ग नव्हता. त्या बावीस मुलग्यांनाही कोणी दुरुस्त केलं नाही. वर्गच नाही तर दुरुस्ती कोणत्या तासाला करणार? वहिनीने साहेबांना पत्र लिहिलं की निदान एक छापील चिठ्ठी शाळेत वाटू द्या. उत्तर आलं की अनुदान नसलेल्या शाळेत साहित्य वाटता येत नाही. पत्र अतिशय सभ्य होतं.

आता लोक. लोकांनी काय म्हटलं असेल ते मला विचारू नका, कारण अर्धं मीच म्हटलं. वहिनीने पस्तीस वर्षांचा हिशेब चुकता केला, जुनं पुस्तक मुद्दाम दिलं, नणंदेला गोड बोलून खड्ड्यात घातलं. मी हे जिन्यात ऐकलं आणि पुढच्या मजल्यावर दिलं, जरा मीठ लावून. कोणी म्हणालं नाही की तिने स्वतःची नोकरीही त्याच खड्ड्यात टाकली. मीही म्हणालो नाही. गोष्ट त्याने पातळ होते. आठ दिवसांनी माझ्या बायकोने मला त्या बावीस वर्षांच्या रुग्णाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. इतकी वर्षं का नाही सांगितलीस विचारलं तर म्हणाली, "तुला?" त्यानंतर मी जिन्यात जरा कमी उभा राहतो.

नणंद दोन महिने आली नाही. निरोप पाणीखात्यामार्फत चालले होते, म्हणजे चालले नव्हते. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता ती आली. मी तिथेच होतो, पाणीखात्याबरोबर रेडिओ उघडून बसलेला, आतल्या तारा बाहेर. नणंद आमच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. वहिनी वाटाणे सोलत होती. नणंदेने दुसरी खुर्ची ओढली, मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली.

बऱ्याच शेंगांनंतर म्हणाली, "परवा एक मुलगी शाळेच्या फाटकाशी थांबली होती. नववीतली. म्हणाली, बाई, तीन महिने अंगावरून पांढरं जातंय, आग होते, घरी सांगायची लाज वाटते. हे काही वाईट आहे का?"

वहिनीचे हात थांबले. "मग?"

"मला माहीत होतं गं उत्तर. तुझ्या समासातच होतं. बहुतेक साधा संसर्ग असतो, डॉक्टरला दाखव, लाजू नकोस. पाठ होतं मला."

"मग सांगितलंत ना?"

"मुख्याध्यापकांनी लेखी दिलंय. वर्ग बंद असेपर्यंत त्या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. मी तिला म्हणाले, घरी विचार."

वहिनी उठली. हात पुसले, दारामागची पिशवी घेतली. "कोणती मुलगी? कुठे राहते? मी जाते."

"कोण म्हणून जाणार आहेस?"

"कोणी म्हणून नाही. नर्स म्हणून जाते. शेजारीण म्हणून जाते. नाव सांगा, वन्सं."

नणंदेने मान हलवली. "मुलीने विश्वासाने विचारलं. तिचं नाव बाहेर गेलं की ती पुन्हा कोणालाच विचारणार नाही. हेही तूच लिहिलंयस."

"वन्सं, तीन महिने झालेत."

"माहीत आहे मला!" नणंद ओरडली, आणि वाटाण्यांचं ताट खाली गेलं.

पाणीखातं उठायला लागला, मी त्याला धरून बसवलं. आत दोघी जमिनीवर बसून वाटाणे वेचत होत्या. वेचता वेचता वहिनी म्हणाली, आवाज अगदी वॉर्डातला, "उद्या फाटकाशी तिला गाठा. सांगा, सरकारी दवाखान्यात खोली नंबर सहा. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आहे तिथे, सोबत कोणाला आणलंय का विचारणार नाही. एवढं सांगाल?"

 ओट्याखाली गेलेला एक वाटाणा काढायला नणंद वाकली, आणि बराच वेळ वर आली नाही.

"नोकरीची तीन वर्षं राहिलीत माझी, वहिनी," ती तिथूनच म्हणाली.

"हो," वहिनी म्हणाली. "माहीत आहे."

सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला वहिनी चप्पल घालून खाली उतरली. शाळेकडे गेली नाही. इमारतीच्या दाराशी उभी राहिली, नणंद येताना दिसते का बघत. नणंद आली, नेहमीच्या वेळेला, समोरच्या फुटपाथवरून. वहिनीकडे बघितलं, आणि न थांबता आपल्या घराकडे वळली. सांगितलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही, आणि मला सहसा कळतं. वहिनी अंधार पडेपर्यंत तिथेच उभी होती. मी खिडकीतून दोनदा हाक मारली, वर या म्हणून.